सातवी खळगी

नऊच खळग्या आहेत आमच्याकडे.
सगळ्यात लांबची एकशे चाळीस यार्डांवर,
म्हणजे नॉर्बर्ट ओडेगार्डच्या दोन फटक्यांवर,
गुडघे बदलल्यापासून तीन.
एका बाजूला आमची घरं, फिकट मातकट,
दुसऱ्या बाजूला तारेचं कुंपण,
आणि त्यापलीकडे जे काही आहे
ते मेक्सिकोपर्यंत तसंच आहे.

पहाटे साडेचारला युसेबियो किहादा येतो.
उन्हाळ्यात तो सूर्याच्या तोंडी लागत नाही,
तो उठायच्या आत काम उरकतो.
रात्री हावेलिना येऊन गेलेल्या असतात,
डुकरांचीच कुणी लांबची मावसभावंडं,
अळ्यांसाठी हिरवळ उपसून ठेवतात.
युसेबियो ते तुकडे पायाने दाबून बसवतो,
वाऱ्याने सरकलेला टोप बसवावा तसे.

मग खळगी हलवतो.
हे आम्हाला कितीतरी वर्षं माहीत नव्हतं.
आम्हाला वाटायचं, खळगी असते तिथेच असते,
नेम चुकतो तो आपला.
पण तो रोज एक गोल गाभा कापून काढतो,
कालच्या खळगीत नेऊन घालतो, वर पाणी शिंपडतो,
आणि काल काही झालंच नव्हतं
असा चेहरा करते जमीन.

पाण्यासारखा पैसा, असं कुणी म्हटलं
की आमचे खजिनदार नुसते हसतात.
इथे पाणीच पैशासारखं:
मोजून, उसनं,
आणि मुळात दुसऱ्या कुणाचं तरी.

यंदा नदीतला आमचा वाटा कापला गेला.
फेब्रुवारीत सभा भरली, लिंबाच्या वड्या होत्या,
तीन तास चालली, वड्या पहिल्या वीस मिनिटांत संपल्या.
ज्यांचा खांदा वर जात नाही
त्यांनी मतासाठी काठी वर केली.
एकसष्ट विरुद्ध अठ्ठावन्न.
सात, आठ, नऊ: पाणी बंद.
सातवी थेल्मा व्हँडरहूफच्या खिडकीसमोर आहे.
आपण विरोधात होतो, असं ती नवऱ्याला सांगते.
आम्ही तिची काठी ओळखतो.

गवत आरडाओरडा करत नाही.
एप्रिलमध्ये पिवळं पडलं,
मे उजाडेपर्यंत आमच्या घरांच्या रंगाचं झालं.
घरांचा रंग कुठून आणला होता
ते आम्हाला तेव्हा कळलं.

युसेबियोला लेखी कळवलं होतं, फक्त सहांचं बघ.
पण सातवीवर झेंडा तसाच होता.
ठरावात पाण्याचा उल्लेख होता, झेंड्याचा राहून गेला होता,
आणि ठरावाबाहेर कुणी काही करत नाही आमच्याकडे.
एका सकाळी झेंडा चार हात डावीकडे दिसला.
दुसऱ्या दिवशी मागे, उतारावर.
युसेबियो आता कापायचं यंत्र नाही, पहार आणतो.
गाभा निघत नाही, ढेकळं निघतात,
आणि कालची खळगी नीट बुजत नाही,
वर एक गोल वण राहतो.
नॉर्बर्टने विचारलं, कशासाठी हे?
तो म्हणाला, झेंडा आहे ना अजून.
आणि पाण्याची बाटली तोंडाला लावली,
म्हणजे पुढचं विचारू नका.

त्याच दिवशी नॉर्बर्ट सातवी खेळला.
बूट दगडावर वाजावेत तसे वाजत होते.
एकच फटका, फार जोराचा नव्हे,
पण टणक जमिनीवर चेंडूला अडवणारं कुणी नव्हतं.
झेंड्याजवळून गेला, आठवीवरून गेला,
तारेखालून गेला.
नॉर्बर्ट डोळ्यांवर हात धरून बराच वेळ उभा होता.
जन्मात एवढा लांब मारला नव्हता,
असं तो त्या रात्री चौघांना सांगत होता,
आणि चेंडू अजून थांबला नसेल, असंही.

थेल्मा हल्ली पहाटेच पडदा सारते.
नवऱ्याला खुर्चीसकट खिडकीशी नेते,
त्याला काय दिसतं ते तोच जाणे.
काल ती खळगी त्यांच्या दारापासून अकरा पावलांवर होती.
आज चौदा.